ब्रिटनमधल्या हौशी ब्रास बँड स्पर्धा: नियम आणि निष्पक्षपणाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी उत्तर इंग्लंडमधल्या एका गावच्या बँडमध्ये टेनर हॉर्न (मधल्या सुरांचं एक पितळी वाद्य) वाजवते. बँड चौथ्या श्रेणीतला, म्हणजे उतरंडीत सगळ्यात खालचा. इथल्या मराठी मंडळातले पालक, पुण्या-मुंबईचे नातेवाईक आणि बँडमध्ये नव्याने आलेली मंडळी पुन्हा पुन्हा जे विचारतात, त्याची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. नियम स्पर्धेगणिक वेगळे असतात आणि अधूनमधून बदलतातही. त्यामुळे प्रत्यक्ष उतरण्याआधी त्या वर्षीची नियमावली वाचा.

ब्रास बँड म्हणजे आपल्याकडे वरातीत असतो तोच का?

नाही. आपल्या लग्नाच्या आणि मिरवणुकीच्या बँडमध्ये क्लॅरिनेट असतो, सॅक्सोफोन असतो. ब्रिटिश ब्रास बँडमध्ये फुंकून वाजवायची वाद्यं फक्त पितळेची, आणि त्यांची संख्याही ठरलेली. स्पर्धेत पंचवीस जण: एक सोप्रानो कॉर्नेट (कॉर्नेट म्हणजे ट्रम्पेटसारखं आखूड वाद्य), नऊ साधे कॉर्नेट, एक फ्ल्युगलहॉर्न, तीन टेनर हॉर्न, दोन बॅरिटोन, दोन युफोनियम, तीन ट्रॉम्बोन आणि चार बास. शिवाय तालवाद्यं. ट्रम्पेट आणि फ्रेंच हॉर्न पितळेचे असूनही यात बसत नाहीत.

निष्पक्षपणाचा पहिला धागा इथेच आहे. सगळ्यांकडे तीच वाद्यं, तेवढीच माणसं. श्रीमंत बँडला चाळीस कॉर्नेट उभे करता येत नाहीत.

हौशी म्हणजे कुणालाच पैसे मिळत नाहीत?

वादकांना पगार नसतो. दिवसा कुणी शिक्षक, कुणी नर्स, कुणी गॅरेजमध्ये, संध्याकाळी आठवड्यातून दोनदा तालीम. बऱ्याच बँडमध्ये उलट वादकच वर्गणी भरतात. कंडक्टरला मात्र बहुतेक ठिकाणी मानधन असतं. वरच्या श्रेणीतल्या काही बँडमध्ये प्रमुख वादकांना प्रवासखर्च किंवा थोडंफार मानधन मिळतं, आणि संगीत महाविद्यालयात शिकणारे, लष्करी बँडमध्ये नोकरी करणारेही तिथे वाजवतात. तेव्हा हौशी या शब्दात बरंच काही मावतं.

मुख्य स्पर्धा कोणत्या?

सर्वांत जुनी मोठी स्पर्धा १८५३ मध्ये मँचेस्टरच्या बेल व्ह्यू उद्यानात सुरू झाली. तिलाच आज ब्रिटिश ओपन म्हणतात. पहिल्या वर्षी मॉस्ली टेम्परन्स सॅक्सहॉर्न बँड जिंकला. पुढे ती बर्मिंगहॅमच्या सिम्फनी हॉलमध्ये होऊ लागली. दुसरी मोठी स्पर्धा म्हणजे राष्ट्रीय अजिंक्यपद. ती १९०० पासून लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये भरायची. १९३६ मध्ये ती इमारत जळून गेली, आणि आता वरच्या श्रेणीची अंतिम फेरी रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये असते. राष्ट्रीय स्पर्धेला आठ विभागांतून प्रादेशिक फेऱ्या होतात आणि श्रेणी पाच: चॅम्पियनशिप, पहिली, दुसरी, तिसरी, चौथी.

परीक्षकांना पडद्याआड का बसवतात?

पहिल्यांदा पाहणारा प्रत्येक जण हे विचारतोच. सभागृहाच्या मधोमध किंवा बाल्कनीत कापडाने झाकलेली एक चौकोनी खोली उभी केलेली असते. आत दोन किंवा तीन परीक्षक, टेबलावर दिवा, रचनेचा स्कोअर (सगळ्या वाद्यांची स्वरलिपी) आणि शेरे लिहायचे कागद. मंचावर कोण आलं, हे त्यांना दिसत नाही. निवेदक फक्त "बँड क्रमांक सात" एवढंच म्हणतो. मंचावर वादक किंवा कंडक्टर कुजबुजतही नाहीत, कारण आवाज ओळखीचा निघू शकतो. आधीच्या बँडचे शेरे लिहून झाले की आतून शिट्टी वाजते आणि मगच कंडक्टर हात वर करतो. मध्येच कुणा परीक्षकाला स्वच्छतागृहात जायचं झालं, तर सोबत स्वयंसेवक जातो आणि वाटेत कुणाशी बोलणं होणार नाही, याची काळजी घेतो.

एवढा बंदोबस्त अति वाटेल, पण त्याची गरज आहे. ही दुनिया लहान आहे. परीक्षक बहुधा माजी वादक किंवा कंडक्टर असतात. ज्या बँडमध्ये पंधरा वर्षं घालवली, तोच बँड समोर वाजवत असण्याची शक्यता रोजची. आणि डोळा कानाला फसवतो, याला पुरावा आहे. चिया-जुंग त्साय या संशोधिकेने २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लोकांना संगीत स्पर्धांच्या अंतिम फेरीच्या चित्रफिती दाखवल्या. ज्यांनी आवाज बंद करून फक्त चित्र पाहिलं, त्यांनी परीक्षकांनी निवडलेला खरा विजेता जास्त वेळा बरोबर ओळखला. ज्यांनी फक्त ऐकलं, ते मागे पडले. यात संगीतात मुरलेली माणसंही होती. म्हणजे उघड्यावर बसलेला परीक्षक कितीही प्रामाणिक असला, तरी चकाचक गणवेश, कंडक्टरचे हातवारे आणि मंचावर येतानाची ऐट निकालात शिरतेच.

पण कसलेल्या परीक्षकाला ऐकूनही बँड कळत असेल ना?

कधी कधी कळतो. वरच्या श्रेणीत एखाद्या प्रमुख कॉर्नेट वादकाचा किंवा युफोनियम वादकाचा सूर जाणकारांना पहिल्या दोन ओळींत ओळखू येतो. पडदा काढावा म्हणणाऱ्यांचं हेच म्हणणं असतं: ओळखता येतंच आहे, मग लपवाछपवी कशाला? दुसरा मुद्दा असा की, कापडाच्या खोलीत आवाज थोडा दबतो आणि प्रेक्षकांनी ऐकलं ते परीक्षकाने ऐकलेलंच नसतं. नेदरलँड्समधल्या केर्क्राडे गावच्या जागतिक संगीत स्पर्धेत परीक्षक समोर बसतात, तिथे काही आभाळ कोसळलेलं नाही.

माझं मत पक्कं आहे की, पडदा राहावा. अल्बर्ट हॉलमध्ये वाजवणाऱ्या बँडला पडद्याचा फायदा कमी होत असेल, पण आमच्यासारख्यांना फार होतो. चौथ्या श्रेणीत अठरा माणसं घेऊन आलेला, निम्मी शाळकरी मुलं असलेला बँड मंचावर दिसला की पाहणाऱ्याच्या मनात आधीच एक अंदाज तयार होतो. पडद्याआडच्या परीक्षकाच्या मनात तो होत नाही. आपल्याकडे एकांकिका स्पर्धांच्या निकालावर "ते कॉलेज होतं म्हणून मिळालं" अशी कुजबुज वर्षानुवर्षं चालते. इथे तसं म्हणायला निदान जागा कमी आहे.

वाजवण्याचा क्रम कोण ठरवतं? पहिला क्रमांक खरंच वाईट का?

सकाळी सोडत निघते. प्रत्येक बँडचा प्रतिनिधी सगळ्यांसमोर चिठ्ठी किंवा क्रमांक लिहिलेला चेंडू उचलतो. परीक्षक तिथे नसतात. कुणाच्या हाती काय आलं, हे त्यांना निकाल जाहीर होईपर्यंत कळत नाही.

पहिला क्रमांक कुणालाच नको असतो, आणि ही निव्वळ अंधश्रद्धा नाही. सकाळी परीक्षकाच्या हाती तुलनेला काहीच नसतं, त्यामुळे पुढे कुणी याहून चांगलं वाजवेल म्हणून तो गुण राखून ठेवतो. ब्रसेल्सच्या क्वीन एलिझाबेथ संगीत स्पर्धेच्या अनेक वर्षांच्या निकालांचा अभ्यास १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथेही क्रम चिठ्ठ्या टाकूनच ठरतो, तरी पहिल्या दिवशी वाजवणाऱ्यांना वरचा क्रमांक मिळण्याची शक्यता कमी आणि शेवटी येणाऱ्यांना जास्त, असं आढळलं. सोडत प्रामाणिक असली तरी सगळ्या जागा सारख्या नसतात. सोडतीमुळे हा तोटा कुणी मुद्दाम कुणाच्या गळ्यात मारू शकत नाही, इतकंच. परीक्षकांनी पहिल्या तीन बँडचे शेरे शेवटी पुन्हा वाचून मगच क्रम लावावा, असा नियम सगळीकडे हवा, असं मला वाटतं. चांगले परीक्षक ते आपणहून करतात.

सगळे तीच रचना का वाजवतात? ऐकणाऱ्याला कंटाळा येत नाही?

येतो! एका दिवसात तीच रचना वीस वेळा ऐकावी लागते. पण तुलना करायची तर मोजपट्टी एकच हवी. ठरलेल्या रचनेला टेस्ट पीस म्हणतात. प्रत्येक श्रेणीची वेगळी असते आणि काही महिने आधी जाहीर होते. पूर्वी ऑपेरातल्या चालींची संकलनं वाजवत. १९१३ मध्ये राष्ट्रीय स्पर्धेसाठी पर्सी फ्लेचर यांच्याकडून खास ब्रास बँडसाठी रचना लिहून घेतली गेली, आणि मग १९२८ मध्ये होल्स्ट, १९३० मध्ये एल्गार अशी मोठी नावं या कामाला लागली. स्पर्धेमुळेच या वाद्यांसाठी गंभीर संगीत जन्माला आलं.

निवडलेली रचना कुणाला सोयीची आणि कुणाला जड पडणार, हा वाद मात्र दरवर्षी होतो. सोप्रानो कॉर्नेटचा लांबलचक सोलो असलेली रचना आली की, ज्या गावात सोप्रानो वादकच नाही, तो बँड अर्धी लढाई घरीच हरतो.

वादकांची नोंदणी म्हणजे काय?

प्रत्येक वादक एका वेळी एकाच बँडच्या नावावर असतो आणि बँड बदलायचा तर रीतसर बदली करावी लागते. एका स्पर्धेत दोन बँडमधून कुणालाही वाजवता येत नाही. मंचावर जाण्याआधी टेबलाशी रांग लागते, नोंदणी दाखवायची, यादीत नाव पाहून घ्यायचं, सही करायची. सोळा वर्षांची मुलगी असो वा सत्तर वर्षांचे आजोबा, टेबलापलीकडचा स्वयंसेवक प्रत्येकाकडे तितक्याच बारकाईने पाहतो.

एकोणिसाव्या शतकात हे नव्हतं. बक्षिसाच्या लोभाने बँड ऐन वेळी बाहेरचा नामांकित कॉर्नेट वादक पैसे देऊन आणत. तो आज या गावासाठी वाजवी, पुढच्या शनिवारी त्या गावासाठी. त्यातून भांडणं झाली, आणि भांडणांतून प्रादेशिक संघटना आणि नोंदणीचे नियम आले.

मग उसने वादक घेता येतात, ते कसं?

मर्यादेत घेता येतात. किती घ्यायचे, हे नियमावलीत आकड्याने दिलेलं असतं, आणि उसना वादक आपल्याच किंवा खालच्या श्रेणीतल्या बँडमधून आणावा, अशी अट बऱ्याच ठिकाणी असते. कोविडनंतर अनेक बँडांची माणसं कमी झाली आणि नियम सैल झाले.

मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे ते याच नियमावर. उसना वादक दोन कारणांनी आणतात. पहिलं कारण, खुर्ची रिकामी आहे: कुणी आजारी, कुणाची परीक्षा, कुणी गाव सोडून गेलं. तेव्हा उसना वादक मिळाला नाही, तर बँड स्पर्धेतच उतरू शकत नाही, आणि अशा दोन-तीन वर्षांत बँड बंद पडतो. इथे नियम सैलच हवा. दुसरं कारण, खुर्चीत माणूस आहे पण तो कच्चा आहे. मी एका बँडमध्ये हे पाहिलं आहे. तिसऱ्या कॉर्नेटवर बसणारे निवृत्त गृहस्थ वर्षभर एकही तालीम न चुकवता यायचे, खुर्च्या लावायचे, चहाचे कप विसळायचे. स्पर्धेच्या आठवड्यात त्यांना "या वेळी तुम्ही प्रेक्षकांत बसा" असं सांगितलं, कारण दुसऱ्या गावचा एक तरणाबांड वादक मिळाला होता. नियमाच्या अक्षरात काहीच चुकलं नाही. बँडचा क्रमांक दोन जागांनी वर गेला. त्या गृहस्थांनी पुढच्या महिन्यात कॉर्नेट परत केला.

म्हणून उसना वादक फक्त रिकाम्या खुर्चीसाठी असावा, आणि आपल्या बँडमध्ये त्या वाद्याचा नोंदलेला, हजर, वाजवायला तयार वादक असेल तर उसना घेऊच नये. तपासायला कठीण आहे, कबूल. पण नोंदणीची यादी आयोजकांकडे असतेच, ती उसन्यांच्या यादीशी ताडून पाहायला पाच मिनिटं लागतात. वरच्या श्रेणीत, जिथे प्रतिष्ठा आणि प्रायोजक पणाला लागलेले असतात, तिथे तर उसनवारी जवळपास बंदच व्हावी.

बाहेरचा नामांकित कंडक्टर आणणं चालतं का?

चालतं, आणि पहिल्यापासून चालत आलं आहे. ग्लॅडनी, ओवेन आणि स्विफ्ट हे एकोणिसाव्या शतकातले तिघे गाजलेले कंडक्टर एकाच स्पर्धेत अनेक बँड हाताळत. आजही स्पर्धेच्या महिनाभर आधी मोठा कंडक्टर येतो आणि वर्षभर राबलेला स्थानिक कंडक्टर बाजूला उभा राहतो. मला हे उसन्या वादकाइतकं खटकत नाही. चांगला कंडक्टर पंचवीस जणांना काहीतरी शिकवून जातो, कुणाची खुर्ची हिसकावत नाही.

श्रेणी कशी बदलते?

प्रादेशिक फेरीतल्या गेल्या तीन वर्षांच्या क्रमांकांची बेरीज करून तक्ता बनतो. वरचे बँड बढती घेतात, तळाचे खाली जातात. एका वाईट दिवसामुळे घसरण होऊ नये, म्हणून तीन वर्षं. पद्धत चांगली आहे, फक्त कधी कधी उशिरा पकडते: एकदम पाच-सहा वादक सोडून गेले तर बँडचा दर्जा आजच कोसळतो, तक्त्यात ते पुढच्या दोन वर्षांत दिसतं.

सारखा एकच बँड जिंकत राहिला तर?

याच्यावर एके काळी थेट नियम होता: सलग तीन वर्षं जिंकलात की चौथ्या वर्षी बाहेर. सँडबाकच्या लॉरी कारखान्याचा फोडेन्स बँड १९३२, १९३३ आणि १९३४ ला राष्ट्रीय विजेता ठरला, १९३५ ला त्याला उतरता आलं नाही, आणि १९३६ पासून त्याने पुन्हा सलग तीनदा जिंकलं. ब्लॅक डाइक मिल्स बँडने १९४७ ते १९४९ जिंकल्यावर १९५० ला त्यालाही घरी बसावं लागलं.

आता हा नियम नाही, आणि नाही तेच बरं. तो इतरांना संधी द्यायला केला होता, पण त्या वर्षी जिंकणाऱ्याच्या करंडकावर "ते नव्हते म्हणून" असा शिक्का बसायचा. ज्या बँडला हरवायचं स्वप्न पाहत तालमी केल्या, तोच समोर नसेल तर जिंकण्यात काय राम?

ज्यांच्याकडे पैसा, त्यांचाच विजय का?

पैशाने फरक पडतो. चांगलं युफोनियम किंवा बास काही हजार पौंडांना पडतं, तालमीची जागा हवी, बस हवी. जुन्या काळी गिरणी, खाण किंवा कारखाना हा खर्च उचलायचा. पण याची दुसरी बाजूही या स्पर्धांनी दाखवली आहे. ब्रिगहाउस अँड रास्ट्रिक हा बँड कुठल्याही कारखान्याच्या नव्हे, तर लोकवर्गणीच्या जोरावर वरच्या श्रेणीत टिकला. आणि ऑक्टोबर १९९२ मध्ये सरकारने कोळसा खाणी बंद करण्याची घोषणा केल्यावर काही दिवसांतच ग्राइमथॉर्प कॉलियरी बँडने अल्बर्ट हॉलमध्ये राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवलं. त्यांची खाण पुढच्या वर्षी बंद झाली, बँड आजही आहे.

निकाल पटला नाही तर तक्रार करता येते?

संगीताच्या मूल्यमापनावर नाही. परीक्षकांचा निर्णय अंतिम. नियमभंगावर करता येते: नोंदणी नसलेला वादक, मर्यादेपेक्षा जास्त उसने, एकाच माणसाने दोन बँडमधून वाजवणं. बहुतेक ठिकाणी ती लेखी, ठरलेल्या वेळेत आणि अनामत रक्कम भरून करायची असते. तक्रार खरी निघाली तर रक्कम परत मिळते.

मूल्यमापन पटलं नाही, तर हातात येतात ते शेरे. प्रत्येक बँडला परीक्षकांनी वाजवतानाच खरडलेली पानं मिळतात: कुठे सूर उतरला, कुठे बास मागे पडले, कुठला सोलो सुरेख झाला. मी आमच्या बँडचे शेरे जपून ठेवते. काही परीक्षक इतके नेमके लिहितात की, पुढच्या सहा महिन्यांची तालीम त्यावर बेतता येते. काही जण मात्र "छान सुरुवात, पुढे थोडं अस्थिर" एवढ्यावर बोळवण करतात, आणि अकरावा क्रमांक का आला हे त्या ओळीतून कुणालाच कळत नाही. नेमके शेरे हरलेल्या बँडचा हक्क आहेत.

गुण महत्त्वाचे की क्रमांक?

क्रमांक. दोन बँडमध्ये अनेकदा एकाच गुणाचा फरक असतो.

व्हिट फ्रायडेला हे सगळे नियम लागतात का?

नाही, आणि म्हणूनच ती संध्याकाळ एकदा तरी पाहावी. व्हिटसन या ख्रिस्ती सणानंतरच्या शुक्रवारी मँचेस्टरजवळच्या सॅडलवर्थ आणि टेमसाइड भागातल्या गावागावांत स्पर्धा भरतात. डेल्फ, डॉबक्रॉस, अपरमिल अशी गावं. बँड बसने एका गावी पोचतो, रस्त्यावरून कूच करत एक मार्च (कूच करतानाची धून) वाजवतो, मग मैदानात उभा राहून दुसरा वाजवतो आणि धावत बस पकडून पुढच्या गावी जातो. रात्री उशिरापर्यंत हेच. इथे नोंदणीचा जाच नसतो. केवळ त्या संध्याकाळपुरते जमलेले कॉलेजच्या मुलांचे बँडही येतात आणि विचित्र पोशाखात वाजवतात. पडदा मात्र इथेही सुटत नाही: परीक्षक पडदे ओढलेल्या कॅराव्हॅनमध्ये किंवा एखाद्या घराच्या वरच्या खोलीत बसलेला असतो.

माझ्या मुलीला बँडमध्ये घालायचंय. तिला लगेच स्पर्धेत उतरवतील का?

बहुतेक गावच्या बँडला जोडून मुलांचा बँड असतो, वाद्य उसनं मिळतं, फी नाममात्र किंवा नसते. काही युवा स्पर्धांत क्रमांकासोबत किंवा क्रमांकाऐवजी सुवर्ण, रौप्य, कांस्य असा दर्जा देतात, त्यामुळे चांगलं वाजवणारे सगळेच काहीतरी घेऊन जातात. प्रौढांच्या बँडमध्ये जाताना मात्र तीन गोष्टी विचारा: स्पर्धेत तिची खुर्ची पक्की आहे का, उसने वादक कोणत्या परिस्थितीत घेता, आणि मुलांच्या सुरक्षिततेची जबाबदारी कोणाकडे आहे. ज्या बँडचा सचिव या तिन्हींची उत्तरं न अडखळता देतो, तिथे बिनधास्त पाठवा.

प्रेक्षक म्हणून जाताना काय लक्षात ठेवायचं?

बँड वाजवत असताना दारं बंद असतात, तेव्हा आधी पोचा. ध्वनिमुद्रण किंवा चित्रीकरण करू नका. मंचावर ओळखीचा चेहरा दिसला तरी नावाने हाक मारू नका, पडद्याच्या कापडातून ती आत ऐकू जाते. आणि चौथ्या श्रेणीची फेरी पाहायला नक्की या. ती बहुधा सकाळी लवकर असते आणि सभागृह अर्धं रिकामं असतं.